आठ हजारांत नवजात बाळाची कार सीट: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीत राहणारं जोडपं, पहिलं बाळंतपण, सात आठवड्यांनी तारीख. बाळंतपण कराडला, माहेरी. सव्वा महिना झाला की आई आणि बाळ पुण्याला येणार. गाडी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक, मागच्या सीटला आयसोफिक्सचे (बालसीट पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवायचे) हुक नाहीत. डॉक्टरकडे वगैरे बऱ्याचदा कॅबने जावं लागेल. कार सीटसाठी आठ हजारांच्या वर जाता येणार नाही. दुकानदार म्हणतो, '० ते १२ वर्षं' चालणारी एकच सीट घ्या आणि मोकळे व्हा. न्यू जर्सीला असलेली बहीण तिच्या मुलाची सीट पाठवते म्हणते. आणि घरच्या आजी म्हणतात, एवढ्याशा जिवाला सीट कशाला, मी मांडीवर घेऊन बसते की. यातलं काय करावं?

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि नवजात बाळांच्या विभागात काम करतो. बाळाला घरी सोडताना अनेकदा पार्किंगपर्यंत जाऊन सीट तपासतो, त्यामुळे दुकानात न दिसणाऱ्या अडचणी मला गाडीत दिसतात. उत्तर आधी देतो, कारणं मग सांगतो.

नवजात ते १३ किलोपर्यंतची, फक्त मागे तोंड करून बसवायची, गाडीच्या नेहमीच्या खांदा-कमरेच्या पट्ट्याने बांधता येणारी साधी सीट घ्या. दुकानात तिला इन्फंट कॅरिअर किंवा कॅरी कॉट म्हणतात आणि सध्या ती साधारण चार ते सहा हजारांत मिळते. उरलेले दोन-तीन हजार पुढच्या सीटसाठी बाजूला ठेवा, कारण वर्षभराने ती लागणारच आहे. आणि कोणतीही सीट तुमच्या स्वतःच्या गाडीत बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. महागडी सीट गाडीत सैल बसली तर तिच्यातली महाग वैशिष्ट्यं बाळाच्या उपयोगी पडत नाहीत. पाच हजारांची सीट घट्ट आणि बरोबर कोनात बसली, तर ती तिच्याहून भरवशाची.

आता आजींचं म्हणणं. ते प्रेमापोटी आहे आणि त्यांच्या काळात गाडीत मागे पट्टेही नसायचे, म्हणून त्यांना नीट समजावून सांगा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कशावर तरी आदळली आणि साधारण एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या सरासरी चौदा पट जोर येतो. क्षणभर तो याच्याही बराच वर जातो. म्हणजे साडेतीन किलोचं बाळ हातातून सुटताना पन्नास किलोच्या वर ओढ घेतं. एवढं वजन, तेही ध्यानीमनी नसताना, कुणाच्याच हातात राहत नाही, पैलवानाच्याही नाही. आजींनी पट्टा लावला नसेल तर त्या स्वतः बाळासकट पुढच्या सीटवर आदळतील. एकच पट्टा दोघांभोवती घेतला तर ते आणखी वाईट, कारण मग आजींचं सगळं वजन बाळाला पट्ट्यावर चिरडतं. आजींनी बाळाशेजारी बसावं, स्वतःचा पट्टा लावावा आणि बाळाचा हात धरावा. प्रवासात बाळाकडे लक्ष ठेवायला मागे कुणीतरी हवंच असतं, आणि ते काम आजींइतकं चांगलं कोण करणार?

कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने सुरक्षित केलेलं नसेल, तर हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी सीट घेऊ नका. तशी घेतलेली सीट महिन्याभरात माळ्यावर जाते.

मागे तोंड का? नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसात ते साधारण सातवा-आठवा भाग. मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात, मधले बंध सैल असतात. पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाचं धड पट्टे अडवतात, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. पाठ पुढच्या दिशेला असेल, तर धक्का बसताना बाळ सीटच्या कवचात दाबलं जातं. पाठ, मान, डोकं एकाच वेळी पेललं जातं आणि जोर पसरतो. 'मग मागून कुणी ठोकलं तर?' असं जवळजवळ प्रत्येक बाबा विचारतात. मागून बसणाऱ्या धडकेत दोन्ही गाड्या सहसा एकाच दिशेने जात असतात, म्हणून वेगातला फरक कमी असतो. जीवघेण्या जोराच्या धडका बहुतेक समोरून बसतात.

यातूनच एक नियम निघतो, ज्याला कसलाही अपवाद करू नका: समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली बालसीट कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुगते ती नेमकी बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. पुढची एअरबॅग बंद करण्याचं बटण काही गाड्यांत असतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत नसतं. तुमच्या बाळाची जागा मागे.

मागे कुठे? मधली जागा सगळ्यात सुरक्षित असं वाचलं असेल, आणि ती दोन्ही दारांपासून लांब असते हे खरंच आहे. पण जुन्या हॅचबॅकमध्ये मधल्या जागेला बहुधा नुसता कमरेचा पट्टा असतो आणि गादी मध्ये फुगीर असते. तिथे सीट डुगडुगते. म्हणून डावीकडची मागची जागा घ्या. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, त्यामुळे बाळाला फुटपाथच्या बाजूने काढता-ठेवता येतं, आणि पुढची डावी सीट पुढे सरकवून जागाही करता येते.

आता दुकानातलं काम. सीटवर पहिल्यांदा मान्यतेचं लेबल शोधा. युरोपीय मान्यतेच्या सीटवर नारिंगी लेबल असतं, त्यावर वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा. जुन्या पद्धतीच्या आर-४४ मान्यतेत बाळाचं वजन लिहिलेलं असतं आणि मान्यता क्रमांक ०४ ने सुरू होतो. नव्या आर-१२९ मध्ये, जिला आय-साइझ म्हणतात, उंची सेंटिमीटरमध्ये असते. तिच्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते, आणि १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं असतं. युरोपात आता दुकानांनी आर-४४ ची सीट विकणं बंद झालं आहे, पण आपल्याकडे आठ हजारांच्या आत जे मिळतं ते बहुतेक आर-४४ चंच. ते घ्यायला हरकत नाही. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. ते लिहिलेलं असेल तरी चालेल. पण खोक्यावर नुसतं 'युरोपियन स्टँडर्डनुसार' छापलंय आणि सीटला चिकटवलेलं लेबल नाही, तर ती सीट बाजूला ठेवा.

ऑनलाइन हजार-दीड हजारांत कापडी, गादीसारख्या 'बेबी कार सीट' दिसतात, ज्या गाडीच्या सीटला मागून दोरीवजा पट्ट्याने बांधायच्या असतात. त्यात कवच नाही, मागे तोंड नाही, चाचणी नाही. बजेट कितीही कमी असलं तरी त्या घेऊ नका. त्या विश्वासाने वापरल्या जातात, यातच त्यांचा धोका आहे.

लेबल ठीक असेल, तर दुकानदाराला सांगा, 'गाडी खाली उभी आहे, बसवून बघायची आहे.' लहान मुलांच्या वस्तूंची बरीच दुकानं यासाठी डेमोची सीट देतात. लक्ष्मी रोडसारख्या ठिकाणी गाडी उभी करायची मारामार असते, म्हणून पार्किंग असलेलं उपनगरातलं दुकान निवडा आणि सकाळी दुकान उघडताना जा. जो दुकानदार गाडीत बसवू देत नाही, त्याच्याकडे पाचशे रुपये स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. ऑनलाइन मागवायचीच असेल, तर तेच मॉडेल आधी दुकानात गाडीत बसवून बघितलेलं हवं, आणि परत करण्याची मुदत वाचलेली हवी.

जाण्याआधी गाडीची मागची सीट मोकळी करा. पुण्यात नवी गाडी घेतली की लगेच जाड रेक्झिनची कव्हरं चढवायची पद्धत आहे. ती कव्हरं गुळगुळीत असतात, खाली स्पंज असतो, आणि पट्ट्याची बकल बऱ्याचदा त्यांच्याखाली दडपलेली असते. ज्या जागी सीट बसवायची तिथलं कव्हर काढलेलं उत्तम.

मग मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणे बांधा. साध्या कॅरिअरमध्ये कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून दोन्ही कडांच्या खाचांमधून जातो आणि खांद्याचा पट्टा कवचाच्या पाठीमागून वळसा घेतो. या खाचांना सहसा निळा रंग दिलेला असतो. इथे जुन्या गाड्यांची खरी अडचण कळते: पट्टा पुरत नाही. मागचे पट्टे काही मॉडेलमध्ये आखूड असतात आणि मोठ्या घेराच्या कॅरिअरला चार बोटं कमी पडतात. तसं झालं तर एक्स्टेंशन जोडून भागवू नका, दुसरं, लहान घेराचं मॉडेल बघा. पट्टा पुरला, तर बकल कुठे येते ते पाहा. बकल कवचाच्या कडेवर वाकून टेकत असेल, तर धक्क्यात ती तुटू किंवा उघडू शकते. पट्टा जिथून सीटला धरतो, तिथे दोन्ही हातांनी सीट हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलत असेल, तर सीटवर गुडघ्याने दाब देऊन पट्टा पुन्हा ओढा. तीन-चार वेळा करूनही सैलच राहिली, तर ती सीट तुमच्या गाडीची नाही.

शेवटी कोन. कॅरिअरच्या बाजूला एक रेषा असते, ती जमिनीला समांतर यायला हवी. नवजात बाळाला सीट साधारण ४५ अंशांनी मागे कललेली लागते. हा कोन बाळाच्या श्वासासाठी आहे. पाठ फार उभी झाली की मोठं डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि बाळाची बारीक श्वासनलिका दबते. बाळ रडतही नाही, नुसतं गप्प होतं. गाडीची गादी मागे उताराची असेल आणि कोन जमत नसेल, तर सीटच्या बुडाच्या बाळाच्या पायांकडच्या कडेखाली, म्हणजे गाडीची गादी आणि पाठ जिथे मिळतात तिथे जी कड खाली घसरते आहे तिच्याखाली, टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवता येते. पण मॅन्युअल परवानगी देत असेल तरच. आणि ही सगळी तपासणी गाडी सपाट जागेवर उभी असतानाच करा.

'० ते १२' बद्दल. दुकानदाराचा हिशेब पैशांच्या दृष्टीने चुकीचा नाही, पण ती सीट एका बाजूला तीन किलोच्या आणि दुसऱ्या बाजूला पस्तीस किलोच्या मुलाला बसेल अशी बनवलेली असते, आणि स्वस्त मॉडेलमध्ये तडजोड होते ती नवजात बाळाच्या बाजूने. खांद्याच्या पट्ट्यांची सगळ्यात खालची खाचसुद्धा त्याच्या कानाजवळ येते. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत. वरून आले तर धक्क्यात बाळ वर सरकतं. आपल्याकडची बरीच बाळं अडीच-पावणेतीन किलोची जन्मतात, त्यांच्यासाठी हे फारच महत्त्वाचं. जन्मापासून १८ किलोपर्यंतची कन्व्हर्टिबल सीट (आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून बसवता येणारी), जी सात-दहा हजारांत मिळते, तिचा विचार जरूर करता येईल. गाडी घरचीच वापरायची असेल, बाळ तीन किलोच्या वर असेल आणि ती सीट मागे तोंड करून तुमच्या गाडीत पुरेशी आडवी होत असेल, तर ती चार वर्षं चालते आणि एकूण खर्च कमी होतो. पण तुम्ही लिहिलंत की डॉक्टरकडे वगैरे बऱ्याचदा कॅबने जावं लागेल. जड कन्व्हर्टिबल उचलून कॅबमध्ये कुणी बांधत नाही. बेस (गाडीत बांधून ठेवायचा वेगळा तळ) नसलेलं कॅरिअर मात्र दोन मिनिटांत बांधता येतं. कॅब बोलावल्यावर ड्रायव्हरदादांना फोनवरच विचारा, मागचे पट्टे वर आहेत का. बऱ्याच कॅबमध्ये ते कव्हरखाली असतात, आणि नम्रपणे सांगितलं तर काढून देतात.

बहिणीची अमेरिकेतली सीट. भावना मोलाची आहे, आणि फुकट मिळणारी चांगली सीट नाकारू नये असं मलाही वाटतं. पण तिच्याकडून चार गोष्टी विचारून घ्या. ती सीट कधी अपघातात होती का, अगदी किरकोळ तरी? तिच्या प्लॅस्टिकवर कोरलेली किंवा लेबलवरची मुदत संपली का? अमेरिकेत ती सहसा बनवल्यापासून सहा ते दहा वर्षांची असते. मॅन्युअल आहे का? आणि पट्टा पकडून ठेवणारी चिमटावजा कळ सीटला आहे का? हा चौथा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. अमेरिकन गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होतो आणि सीट आवळलेली राहते. आपल्या गाड्यांचे पट्टे बहुतेक फक्त झटका बसल्यावर लॉक होतात. त्यामुळे त्या पद्धतीवर विसंबून बनवलेली सीट इथे बांधली तर हळूहळू सैल होत जाते. सीटला स्वतःची कळ असेल तर प्रश्न मिटला. विमानातून आणणार असाल, तर पूर्ण गुंडाळून, मूळ खोक्यात असेल तर उत्तम. उघडी सीट सामानात टाकली आणि आदळआपट झाली, तर आतला तडा बाहेरून दिसत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळणाऱ्या जुन्या सीटला हेच प्रश्न लागू आहेत. ओळखीच्या घरातली, दोन-तीन वर्षं जुनी, लेबल आणि मॅन्युअल असलेली सीट दोन हजारांत मिळाली तर मी आनंदाने घ्या म्हणेन. अनोळखी माणसाकडून नको, कारण अपघाताबद्दल खरं सांगेलच याचा भरवसा नाही. धुताना पट्टे ब्लीचमध्ये किंवा मशीनमध्ये टाकले होते का, हेही विचारा. त्याने पट्ट्याचे धागे कमजोर होतात.

सीट कधी आणायची? अनेक घरांत बाळ यायच्या आधी त्याच्या वस्तू आणत नाहीत. घरच्यांच्या मनाविरुद्ध जायची गरज नाही. आता जाऊन गाडीत बसवून बघा, मॉडेल ठरवा, आणि सीट मित्राकडे किंवा दुकानातच ठेवून द्या. मात्र एक विसरू नका: बाळाचा पहिला प्रवास सव्वा महिन्याने कराड ते पुणे हा नाही. तो कराडच्या दवाखान्यातून माहेरच्या घरापर्यंतचा आहे. सीट त्या दिवशी कराडला हवी, आणि ज्या गाडीतून नेणार त्या गाडीत ती बसते का हे सासरेबुवांना किंवा मेव्हण्यांना आधी बघून ठेवायला सांगा.

बाळाला बसवताना आपल्या सवयी आड येतात, त्या आधीच सांगतो. दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाला सीटमध्ये बांधता येत नाही, कारण मधला पट्टा दोन पायांमधून यायला हवा. साधं झबलं आणि पायजमा घाला, पट्टे लावा, मग वरून दुपटं पांघरा. जाड टोपडं काढा. त्याची मागची गाठ डोकं पुढे ढकलते. मोहरीची उशी सीटमध्ये अजिबात नको, त्याच कारणाने. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या गाद्या आणि मानेच्या उशाही नकोत. सीटसोबत आलेलं नवजात बाळाचं अस्तर पुरतं. बाळ फार लहान वाटत असेल, तर पट्टे लावून झाल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना मऊ फडक्याच्या गुंडाळ्या ठेवा, पाठीखाली काही नको. पट्टा किती घट्ट, याची परीक्षा सोपी आहे: बाळाच्या खांद्याजवळ पट्टा चिमटीत उभा धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे. नव्या आई-बाबांचा हात इथे हमखास कचरतो. बाळाला त्रास होईल म्हणून ते दोन बोटं सोडतात. नीट बसलेला पट्टा बाळाला टोचत नाही.

कराड ते पुणे साधारण १६० किलोमीटर आहे, म्हणजे न थांबता गेलात तरी तीन तास. दीड महिन्याच्या बाळाला सलग इतका वेळ सीटमध्ये ठेवू नका. तासाभराने थांबा, बाळाला बाहेर काढा, दूध पाजा, ढेकर काढा, पाठ सरळ करून निजवा, मग पुढे चला. एरवीही सलग दोन तास ही वरची मर्यादा समजा. चालत्या गाडीत बाळाला काढून अंगावर पाजू नका. दहा मिनिटं उशीर झाला तर बिघडत नाही. आणि घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ कॅरिअरमध्येच राहू देऊ नका. गाडीत कोन बरोबर असतो, फरशीवर ठेवल्यावर तो बदलतो. उचलून सपाट, पाठीवर निजवा, जागं झालं तरी चालेल.

खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरचा उतार आणि वळण, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता, या दोन ठिकाणी वेग आवरा. नवले पुलाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकचे अपघात पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत. तसा ट्रक मागून आला, तर कुठल्याच सीटचा भरवसा मी देऊ शकत नाही. म्हणून अवजड वाहनांची गर्दी कमी असेल अशी, दिवसाउजेडाची वेळ निवडा आणि ट्रकच्या पुढे रेंगाळू नका. तुम्हाला धायरीलाच उतरायचं असल्याने तो उतार टळणार नाही.

एप्रिल-मे असेल तर उन्हात उभ्या गाडीतली बकल बाळाला चटका देते. बसवण्याआधी तिला स्वतःच्या मनगटाचा स्पर्श करून बघा, खिडकीला जाळीचा पडदा लावा, गाडी आधी थंड करा. बाळाला गाडीत एकटं, दोन मिनिटांसाठीही, सोडू नका.

बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलं किंवा वजन फार कमी असलं, तर सीट दवाखान्यात घेऊन या आणि डॉक्टरांना विचारा की घरी सोडण्याआधी बाळाला त्यात बसवून बघता येईल का. अशा बाळांना दीड-दोन तास सीटमध्ये ठेवून ऑक्सिजन, हृदयाचे ठोके आणि श्वास बघितला जातो. काही बाळांचा ऑक्सिजन अर्धवट बसलेल्या स्थितीत उतरतो, आणि मग लांबचा प्रवास पुढे ढकलावा लागतो. तुमच्या बाबतीत तसं झालं, तर सव्वा महिन्याचा मुहूर्त बाजूला ठेवा आणि बाळ आणखी महिनाभर कराडलाच राहू द्या.

सीट कधी बदलायची, हे वयावर ठरत नाही. बाळाच्या डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आला, किंवा वजन १३ किलो झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा. आपल्याकडची बाळं वर्षाची होताना साधारण नऊ-दहा किलोची असतात, त्यामुळे सहसा उंचीच आधी संपते. पाय दुमडलेले दिसतात, मागच्या गादीला टेकतात, म्हणून सीट लहान झाली असं नाही. त्या वयात बाळाला तसं बसायला काहीच वाटत नाही. आजी-आजोबा या पायांवरूनच 'आता पुढे तोंड करा' म्हणायला लागतील. किमान १५ महिने थांबा. पुढची सीट घेताना मागे तोंड करून १८ किलोपर्यंत चालणारी बजेटमध्ये बसली, तर तीच घ्या. आज बाजूला ठेवलेले दोन-तीन हजार, कॅरिअर विकून आलेले हजार-दीड हजार आणि दरम्यान साठवलेले थोडे, एवढ्यात ती येईल. कॅरिअर विकताना तुम्हालाही कुणी हेच विचारेल, कधी अपघातात होतं का. खरं उत्तर द्या, आणि अपघातात असेल तर पट्टे कापून भंगारात टाका.